पोर्टमॅगीला जाताय?

आयर्लंडच्या केरी परगण्यातलं हे मच्छीमारांचं गाव. धक्क्यालगत रंगीत घरांची ओळ, समोर व्हॅलेन्शिया बेटाकडे जाणारा पूल. बहुतेक जण येतात ते स्केलिग मायकलसाठी. किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर भर समुद्रात उभा असलेला हा सुळका १९९६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. चढायला सहाशेहून अधिक दगडी पायऱ्या, त्याही उघड्या वाऱ्यात. माथ्याजवळ ख्रिस्ती साधूंच्या घुमटाकार झोपड्या आहेत. चुन्याचा थेंब न वापरता, चपटे दगड थराथराने आत सरकवत रचलेल्या, आणि हजारएक वर्षांची वादळं सोसून अजून उभ्या. एवढ्यासाठी तरी जावंच.

होड्या साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. रोजच्या प्रवाशांवर मर्यादा असल्याने तिकीट आधीच काढा. समुद्र खवळला की फेरी रद्द होते, तेव्हा एखादा दिवस हाताशी राखा. खाणं-पाणी सोबत न्या. सुळक्यावरचे पफिन पक्षी पाहायचे असतील तर लक्षात ठेवा, ते ऑगस्टमध्ये निघून जातात.

फेरी हुकलीच, तर व्हॅलेन्शिया गाठा. १८६६ मध्ये अटलांटिकपार टिकलेली तारेची केबल इथूनच टाकली गेली. उत्तर किनाऱ्यावरच्या खडकात सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या चतुष्पाद प्राण्याच्या पाऊलखुणा आहेत. ओल्या खडकावर जपून उतरा.