सभासद नोंदवही आणि ऑनलाइन सभेची किल्ली



कोरोनामुळे सन २०२१ मध्ये राज्यातील अनेक साखर कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा मांडवाऐवजी मोबाईलवर झाल्या. अशा सभेत आत कोण यायचं अन् बाहेर कोण राहायचं, हे ठरवतं कोण? हा प्रश्न रास्त आहे. त्याबाबत आम्ही घेतलेली माहिती येथे देत आहोत.

झूम या पद्धतीत सभा बोलावणाऱ्याचे खाते लागते. संचालक, शेतकी खाते, गट ऑफिसे अशी दहा-वीस खाती कारकून हाताने उघडील. संख्या वाढली की हे काम प्रोग्रामकडे देतात. आपला संगणक झूमच्या संगणकाला परस्पर निरोप धाडतो : हे नाव, हा ई-मेल, खाते उघडा. त्या ई-मेलवर निमंत्रण जाते व माणूस ते स्वीकारीपर्यंत खाते प्रलंबित राहते. खाते साधे असेल तर फुकट, परवान्याचे असेल तर पैसे पडतात. निवृत्त झालेल्याचा परवाना चालूच राहिला, तर तो खर्च आपल्याच उसाच्या पैशातून!

खरी मेख खाते बंद करण्यात आहे. नुसते निष्क्रिय केले तर पुन्हा चालू करता येते. कायमचे काढायचे झाल्यास त्या नावावरील सभांचे चित्रमुद्रण दुसऱ्याच्या नावे करा, असे त्याच निरोपात सांगावे लागते. ते राहिले तर मुद्रण गेले. उद्या एखाद्या ठरावावर वाद निघाला, तर दाखवायचे काय?

सामान्य सभासदाला खाते लागत नाही. सभेपुरती नोंदणी केली की ज्याची त्याला वेगळी लिंक मिळते. पण नोंदणीलाही ई-मेल हवाच, आणि आपल्याकडे तो बहुधा नातवाचा असतो! एका घरात तीन भागधारक असले की घोळ सुरू.

कॅनडातील कार्लटन विद्यापीठात जन्मलेली बिगब्लूबटन ही मोफत पद्धत इथे बरी वाटते. ती स्वतः खाती ठेवीतच नाही. यादी आपल्याकडेच राहते. नाव व सभासद क्रमांक घालून आपला संगणक लिंक बनवितो आणि गुप्त किल्लीने तिच्यावर शिक्का उठवितो. कोणी नाव किंवा क्रमांक बदलला की शिक्का जुळत नाही, अन् दार उघडत नाही.

पद्धत कोणतीही असो, गुप्त किल्ली ज्याच्या हाती, तो कोणालाही आत घेऊ शकतो. म्हणून ती एकट्या कारकुनाच्या मोबाईलमध्ये नसावी, असे आमचे मत आहे. ती कोणाकडे आहे, हे सभासदांनी सभेत विचारावे.

आणि प्रोग्राम वाचतो ती आपली नोंदवहीच. तीत मयत सभासदाचे नाव तसेच असेल, तर लिंक मयताच्या नावे निघेल आणि वारस बाहेर राहील. ज्यांची वारस नोंद बाकी आहे, त्यांनी मृत्यूचा दाखला व भाग दाखला घेऊन सभेपूर्वी शेअर्स विभागात यावे. मोबाईल नंबर बदलला असल्यास तोही सांगावा.