रोपवाटिकेतील विद्यार्थी

कृषी पदवीच्या अंतिम वर्षात विद्यार्थ्यास शेतकऱ्याकडे व कृषिउद्योगात कार्यानुभव घ्यावा लागतो. कोकणातील आंब्याची रोपवाटिका त्यास उत्तम होय. पावसाळा हा कोय कलमांचा हंगाम. कोवळ्या रोपाचा शेंडा छाटून मधोमध खाप घेणे व तीत पाचरीसारखी कलमकाडी बसविणे हे पुस्तकावरून साधत नाही. कसबी माळ्याजवळच हात बसतो. उलटपक्षी, बांधलेल्या, जगलेल्या व मेलेल्या कलमांची नोंद विद्यार्थ्याने रोज ठेवल्यास तोटा कोठे होतो हे मालकास कळते. मात्र विद्यार्थी हा फुकटचा मजूर नव्हे. केवळ पिशव्या भरण्यात त्याचे दिवस गेल्यास दोघांचेही नुकसान होते. यास्तव मालक व प्राध्यापक यांनी आरंभीच आठवडेवार कामाचा तक्ता ठरवावा.