पालीला जाताय? मग उन्हेऱ्याच्या कुंडाचं हे वाचून जा

मैत्रिणींनो, अष्टविनायकाच्या यात्रेला निघालेली बाई पालीला पोचली, बल्लाळेश्वराचं दर्शन झालं, की बरोबरची कुणीतरी हमखास म्हणते, "आता उन्हेऱ्याला जाऊ या ना, जवळच तर आहे." आणि खरंच जवळ आहे. पालीपासून जेमतेम तीन किलोमीटर. न फुंकता, न गॅस पेटवता आयतं कढत पाणी मिळतं म्हटल्यावर कुठल्या बाईचा पाय तिकडे वळणार नाही? आयुष्यभर आपण दुसऱ्यांच्या आंघोळीचं पाणी तापवतो!

आम्हीही अशाच गेलो. मी, सासूबाई आणि माझी नणंद. दिवस संकष्टीचा. सासूबाईंचा कडक उपास, सकाळपासून पोटात फक्त एक कप चहा आणि रक्तदाबाची गोळी. त्या कुंडात उतरल्या आणि बाहेर यायचं नावच घेईनात. "अगं, गुडघ्यांना काय बरं वाटतंय! बसू दे थोडं." थोडं थोडं म्हणता अर्धा तास झाला. मग "चला" म्हणून एकदम उभ्या राहिल्या आणि पायरीवरच कोसळल्या.

माझे हातपाय गळाले. शेजारी कपडे पिळत असलेल्या एका बाईनं मात्र हातातलं टाकलं, त्यांना आडवं केलं, लुगडं सैल केलं आणि मला म्हणाली, "ताई, डोकं उचलू नका, पाय उचला." मी पाणी पाजायला गेले तर तिनं माझा हात धरला. शुद्ध नसलेल्या माणसाला पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जातं, हे मला माहीत होतं, पण त्या वेळी आठवलं नाही. दोन मिनिटांत सासूबाईंनी डोळे उघडले. पहिलं वाक्य, "काही नाही झालं मला!"

डॉक्टरांनी नंतर कारण सांगितलं. कढत पाण्यात कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त तिकडे धावतं, दाब उतरतो. पाण्यात बसलेलं असेपर्यंत कळत नाही. एकदम उठलं की मेंदूकडे रक्त कमी पडतं. त्यात दाब उतरवायची गोळी घेतलेली, पोट रिकामं. म्हणून हा लेख लिहायला बसले.

आधी त्या पाण्याविषयी थोडं. आपण घरात 'ऊन-ऊन भात' म्हणतो ना, त्यातलाच हा ऊन. उन्हेरे, खेडकडचं उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे, जळगावचं उनपदेव, नांदेडचं उनकेश्वर, सगळी नावं ऊन पाण्यावरूनच पडलेली. कोकणात असे झरे पालघर जिल्ह्यापासून राजापूरपर्यंत, सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या पट्ट्यात, तीनशे किलोमीटरांहून लांब ओळीनं आहेत. रायगड जिल्ह्यातच महाडजवळ सावित्रीच्या काठी सव येथेही आहेत. (महड आणि महाड यांची गल्लत करू नका हं! अष्टविनायकातलं महड खोपोलीजवळ, आणि सवचं महाड तिथून कितीतरी दक्षिणेला.)

आता, परदेशातली चित्रं बघून कुणी उकळत्या चिखलाची अपेक्षा ठेवून येईल, तर ती निराश होईल. न्यूझीलंडच्या रोटोरुआला किंवा अमेरिकेच्या यलोस्टोनला जमिनीखाली अजून धगधगती उष्णता आहे. तिथून येणारी आम्ल वाफ दगडाचाच चिखल करते आणि तो चिखल, गॅसवर पिठलं विसरलं की कसं भदभदून उडतं, तसा उडत असतो. आपल्याकडे असं बघायचं तर लडाखमधल्या पुगाला जावं लागेल. कढत पाण्यात पुरचुंडी बांधून तांदूळ शिजवलेले बघायचे असतील, तर हिमाचलात मणिकर्णला.

कोकणातला ज्वालामुखी म्हणाल, तर तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंडावला. मग पाणी तापतं कशानं? पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल खोल झिरपतं. जमिनीत जसजसं खाली जावं तशी उष्णता वाढते, दर किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस अंश. तिथं तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं. कोकणातल्या झऱ्यांचं पाणी साधारण ३४ पासून ७० अंशांपर्यंत असतं. उन्हेऱ्याचं त्या मानानं सौम्य, चाळीसच्या आसपास. तरी आपल्या अंगापेक्षा ते ऊनच.

या पाण्याला गंधकाचा वास येतो, आणि त्यावरून "त्वचेचे सगळे रोग जातात" असं लोक सांगतात. ऊन पाण्यानं आखडलेले सांधे घटकाभर मोकळे होतात, हे अगदी खरं. पण खरूज-नायट्याचं माणूस कुंडात नेऊ नका. खरजेवर डॉक्टर गंधकाचं मलम देत आलेत, पण मलमातलं गंधक आणि कुंडातलं गंधक यांचं प्रमाण एक नाही, आणि शेजारी दुसऱ्याचं लेकरू आंघोळ करत असतं. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांना बधिरपणा आहे, त्यांनी आधी दुसरीला पाण्याचा अंदाज घ्यायला सांगावं. स्वतःच्या पावलांवर विसंबू नये. दिवस गेलेल्या मुलींनी कुंडात बसूच नये, बाहेर तांब्यानं अंगावर घ्यावं, तेही कोमट करून.

मुलांच्या बाबतीत मात्र मी हट्टीच आहे. डोकं पाण्याखाली नाही म्हणजे नाही. कोमट-उबदार गोड्या पाण्यात एक अमीबा वाढू शकतो, तो नाकातून मेंदूपर्यंत पोचतो. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये असे रोगी सापडले. रोग दुर्मिळ, पण झाला तर वाचणं कठीण. उन्हेऱ्यात तो आहे असं मी म्हणत नाही. बुड्या मारू न देणं आपल्या हातात आहे, एवढंच. तोंडात पाणी घेऊन चुळा भरणं, तीर्थ म्हणून पिणं, तेही नको.

आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. पैंजण आणि जोडवी काढून पर्समध्ये ठेवा. गंधकाच्या पाण्यानं चांदी काळी पडते. माझी जोडवी अशी झाली, की नणंद म्हणाली, "वहिनी, ही लोखंडाची कधी केलीत?" पडलीच काळी तर ॲल्युमिनियमच्या पातेल्यात कढत पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घालून दागिना तळाला टेकेल असा ठेवा. थोड्या वेळात उजळतो. (मोती-खड्यांचे दागिने मात्र यात घालू नका.)

कपड्यांचं म्हणाल, तर जाड सुती गाऊन बरा, आणि आडोसा धरायला एक मोठी चादर न्यायला विसरू नका. सुट्टीच्या दिवशी गर्दी असते. साबण कुंडाबाहेरच ठेवा.

यंदा आम्ही पुन्हा गेलो. सासूबाईंना संकष्टीच हवी होती. मी म्हटलं, "आई, चतुर्थी पुढच्या महिन्यातही येते." मग साध्या बुधवारी निघालो. पालीला भाकरी-भाजी खाल्ली, तासभर थांबलो. त्या पायरीवर बसल्या, गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात, मी घड्याळ बघत शेजारी. दहा मिनिटांनी "उठा" म्हटलं, तर म्हणतात, "तुझं घड्याळ पुढे आहे गं सूनबाई!"