आधी नळ सोडून बघा

१९९९ साली वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमधले रहिवासी मुंबई उच्च न्यायालयात गेले ते पाणी मागायला. सात इमारती, शहरातली मोक्याची जागा, समुद्र हाकेच्या अंतरावर, पण घरात महापालिकेचं रीतसर पाणी नाही. ते का नाही, याचा शोध सुरू झाला आणि प्रकरण मुळापर्यंत गेलं. १९८१ ते १९८९ या काळात उभ्या राहिलेल्या या इमारतींच्या मंजूर नकाशात पाचच मजले होते. प्रत्यक्षात एक इमारत वीस मजल्यांपर्यंत चढली होती. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला जायची पालिकेची परवानगी, मिळालेलं नव्हतं, म्हणून रीतसर नळजोडणी नव्हती. फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जादा मजले बेकायदा ठरवले. जून २०१४ मध्ये पालिकेच्या माणसांनी त्या मजल्यांची वीज, गॅस आणि पाणी तोडलं. पंचवीस-पंचवीस वर्षं तिथे संसार केलेली कुटुंबं सामान बांधून बाहेर पडली.

घर घेणाऱ्यांनी ही गोष्ट शेवटापासून न वाचता सुरुवातीपासून वाचावी. पाडापाडीची नोटीस पुष्कळ नंतर आली. इमारतीत काहीतरी मोठं बिनसलं आहे, हे कोरडा नळ कितीतरी वर्षं आधीपासून सांगत होता.

एरवी पाणी आपल्या यादीत सातव्या-आठव्या क्रमांकावर असतं. आधी बजेट, मग वन बीएचके की टू, मग स्टेशन किती लांब, मुलांची शाळा, पार्किंग, दार पूर्वेला आहे का. एवढं जुळलं की निघता निघता कुणीतरी विचारतं, "पाण्याचं काय?" समोरून उत्तर येतं, "कॉर्पोरेशनची लाइन मंजूर आहे, तोवर टँकर आहेच." आणि बोलणं पुन्हा ओट्याच्या ग्रॅनाइटकडे वळतं. हा क्रम उलटा हवा. ग्रॅनाइट बदलता येतो, टाइल्स उखडून नव्या घालता येतात, दिवाणखान्याचा रंग तर दर दिवाळीला बदलावा. जमिनीचा कागद, पाण्याची सोय, ओढ्यापासूनचं अंतर आणि कामावर जायचा रस्ता मात्र घर घेतलं त्या दिवशी असतात तसेच गळ्यात पडतात.

अडचण अशी की रविवारी दुपारी सॅम्पल फ्लॅटमध्ये यातलं काहीच दिसत नाही. तिथे भर दुपारी सगळे दिवे लावलेले असतात. एका भिंतीला उभा आरसा असतो, आतल्या खोल्यांना पुष्कळदा दारंच बसवलेली नसतात, त्यामुळे नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते आणि घर ऐसपैस वाटतं. सोबत मोजायची टेप न्यावी. पलंग सव्वासहा फूट लांब आहे का, हे मोजावं. काही ठिकाणी तो मुद्दाम आखूड बनवून घेतलेला असतो. कपाट आतून दोन फूट खोल नसेल तर हँगर आडवा बसत नाही. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये कपाटाचं दार पुरतं उघडून माणूस उभा राहू शकतो का, हे बघावं. बेसिनचा नळही फिरवून बघावा. पुष्कळदा तो कशालाच जोडलेला नसतो.

क्षेत्रफळाच्या बाबतीत कायद्याने खूप धूळ खाली बसवली. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेरा ही गृहप्रकल्पांवर देखरेख करणारी यंत्रणा आली आणि घर कारपेटवर, म्हणजे चटई क्षेत्रावर विकणं बंधनकारक झालं. घराच्या आतलं वापरता येण्याजोगं क्षेत्र आणि आतल्या भिंतींची जाडी एवढंच त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची त्यात येत नाहीत. तरी जाहिरातीत अजून मोठा आकडा झळकतो, कारण त्यात बाल्कनी मिळवलेली असते. करारनाम्यात क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहितात. त्याला १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट मिळतात. ५५ चौरस मीटरचं घर ५९२ चौरस फुटांचं असतं, मग माहितीपत्रकावर काहीही छापलेलं असो.

आता टँकरचा हिशेब. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं, असं सरकारी मानक आहे. चौघांच्या घराला ५४० लिटर. दोनशे फ्लॅटच्या सोसायटीला दिवसाला १ लाख ८ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ अकरा टँकर. एका टँकरचे हजार रुपये धरले तरी महिन्याला तीन लाख तीस हजारांच्या आसपास जातात. दर घरामागे साधारण साडेसोळाशे, तेही मेंटेनन्सच्या वर. वीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत हे घरटी चार लाखांना जाऊन भिडतं, आणि उन्हाळ्यात टँकरचा दर हजारावर थांबत नाही. सौदा करताना चौरस फुटामागे शंभर रुपये कमी करून घेतल्याचा आनंद होतो. ५९२ फुटांच्या घरात त्याचे साठ हजारही होत नाहीत.

पुण्याच्या कडेने हे रोज अनुभवायला मिळतं. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये आणखी तेवीस गावं महापालिकेच्या हद्दीत आली. वाघोली, सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी ही नावं घर शोधणाऱ्यांना पाठ असतात. हद्द कागदावर एका दिवसात सरकते. जलवाहिनी, टाकी आणि शुद्धीकरण केंद्र यायला वर्षं जातात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गियां-बारे सिंड्रोम या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. त्यातले पुष्कळजण सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यातले निघाले आणि संशय पाण्यावर गेला. या भागातल्या बऱ्याच घरांना विहिरीचं पाणी येत होतं. खडकवासला धरण तिथून काही किलोमीटरवर. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण इथल्या माणसांना नव्याने समजावून सांगावी लागत नाही.

म्हणून "पाणी आहे का" एवढं विचारून भागत नाही. पाणी कुणाचं आहे, पालिकेचं, बोअरचं की टँकरचं? पालिकेचं असेल तर पाणीपट्टीचं बिल दाखवा म्हणावं. काही ठिकाणी पालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी पुरवण्याचं हमीपत्र बिल्डर परवानगी घेताना लिहून देतो. ते हमीपत्र मागून घ्यावं आणि कुठवर लागू आहे ते वाचावं, कारण सोसायटी स्थापन झाल्यावर टँकरची पावती सोसायटीच्या नावावर फाटायला लागते.

पाण्याची वाट शोधत गेलं की माणूस कागदापाशी पोहोचतो.

कागदांच्या बाबतीत दोन समजुती फार खोल रुजल्या आहेत. महारेराचा नंबर आहे म्हणजे सगळं ठीक, आणि बँकेने कर्ज दिलं म्हणजे टायटल स्वच्छ. डोंबिवलीने दोन्ही खोट्या पाडल्या. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतल्या ६५ इमारतींच्या बांधकाम परवानग्या बनावट निघाल्या. त्याच बनावट कागदांवर महारेराची नोंदणी मिळाली होती आणि पुढे अनेकांना गृहकर्जंही मिळाली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. आत राहणाऱ्यांनी रांगेत उभं राहून मुद्रांक शुल्क भरलं होतं, दस्त नोंदवले होते, हप्ते चालू होते. त्यांची चूक एवढीच की एका कागदावर विश्वास ठेवताना तो दुसऱ्या कागदाशी ताडून पाहिला नाही. आणि हे त्यांना सांगितलं तरी कुणी होतं?

ताडून पाहायचं ते असं. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडावं. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापणं सक्तीचं आहे, त्यामुळे हे काम मिनिटाचं झालं आहे. तिथे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र असतं. त्यावरचा क्रमांक आणि तारीख उतरवून घेऊन थेट पालिकेच्या बांधकाम विभागात, किंवा पालिकेच्या संकेतस्थळावर, हे प्रमाणपत्र खरंच दिलंय का ते विचारावं. किती मजल्यांपर्यंत दिलंय, हेही. आपला फ्लॅट चौदाव्या मजल्यावर आणि परवानगी अकरापर्यंत, असं निघालं तर तिथेच थांबावं. सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक काढून त्यावरचा बोजा बघावा. आपल्या बाजूच्या वकिलाकडून, बिल्डरच्या नव्हे, तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. वकिलाची फी घराच्या किमतीपुढे नगण्य असते, तरी तिथेच हात आखडतो. आणि एक साधी गोष्ट: करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागायची मुभा रेरा कायदा बिल्डरला देत नाही. "उद्या रेट वाढतोय, आज वीस टक्के भरा" असं कुणी म्हणालं, तर तो कायदा मोडायला सांगतो आहे.

जुनं घर घेणाऱ्यांनी भोगवटा प्रमाणपत्र आणि कन्व्हेयन्स या दोन शब्दांवर अडून बसावं. पहिलं नसेल तर कॅम्पा कोलाची आठवण ठेवावी. दुसरं नसेल तर सोसायटीच्या पायाखालची जमीन अजून दुसऱ्याच्याच नावावर आहे. डीम्ड कन्व्हेयन्सची, म्हणजे बिल्डरने करून दिलं नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याची, वाट २००८ पासून खुली आहे, पण ती चालायला सोसायटीत दोन-चार चिकाटीची माणसं लागतात.

पाणी कमी असण्याइतकंच ते जास्त असणंही बघावं लागतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला, भिंती कोसळल्या, माणसं गेली. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले पाण्याखाली गेले आणि लोकांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. नदीकाठी दोन रेषा आखलेल्या असतात: निळी म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'रिव्हर व्ह्यू' असं जिथे लिहिलेलं असतं, तिथे या रेषा कुठून जातात ते विकास आराखड्याच्या नकाशावर पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये. घर बघायला शक्यतो जुलैत जावं. पावसाचा मारा सोसणाऱ्या भिंती, विशेषतः नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडच्या, तेव्हा काय ते सांगून टाकतात. दिवाळीत त्यांच्यावर नवा रंग चढलेला असतो.

अंतराबद्दल लोक जास्त जागरूक असतात, पण ते किलोमीटरमध्ये मोजतात. बदलापूर ते मुंबईचं सीएसएमटी ६८ किलोमीटर. लोकलला दीड तासाच्या आसपास. दोन्ही टोकांची रिक्षा, चालणं आणि थांबणं धरून रोज येऊन-जाऊन चार तास गेले, तर कामाच्या अडीचशे दिवसांत हजार तास होतात. म्हणजे वर्षातले एकेचाळीस अख्खे दिवस, रात्रींसकट. घर दहा लाखांनी स्वस्त पडतं खरं, पण मूल झोपेतून उठायच्या आधी बाहेर पडणाऱ्या आणि ते झोपल्यावर घरी येणाऱ्या आई-बापांनी हे एकेचाळीस दिवसही किमतीत धरावेत.

आणि "येणार आहे" यावर घर घेऊ नये. नवी मुंबई विमानतळाला केंद्राची मंजुरी मिळाली २००७ मध्ये, भूमिपूजन २०१८ मध्ये, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला. पनवेल-उलवे पट्ट्यात ज्यांनी मंजुरीच्या वर्षी वीस वर्षांचं कर्ज काढलं, त्यांचे हप्ते संपत आले तेव्हा विमानतळाचं दार उघडलं.

पैशाचा हिशेब शेवटी, कारण तो सगळ्यात सरळ आहे. फक्त पूर्ण मांडायला हवा. पुण्यात साठ लाखांचा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट घ्यायचा तर बँक ऐंशी टक्के, म्हणजे ४८ लाख देऊ शकते. स्वतःचे बारा. त्यावर सात टक्क्यांनी ४ लाख २० हजार मुद्रांक शुल्क, तीस हजार नोंदणी शुल्क, पाच टक्क्यांनी तीन लाख जीएसटी. हे साडेसात लाख बँक सहसा कर्जात धरत नाही. हाताशी साडेएकोणीस लाख लागतात आणि घरात अजून एक पंखासुद्धा लागलेला नसतो. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क एक टक्क्याने कमी होतं. साठ हजार वाचतात आणि घरावर तिचं नाव लागतं. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीत बिल्डरकडून घर घेतलं तर जीएसटी लागत नाही. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी ४८ लाखांचा हप्ता ४१ हजार ६५५ रुपये येतो आणि एकूण फेड एक कोटीच्या घरात जाते. रेडी पझेशन महाग वाटतं तेव्हा हे आकडे शेजारी ठेवावेत. तिथे निदान नळ तरी खरा असतो.

घर आवडलं की रविवार सोडून एकदा मंगळवारी सकाळी साडेसहाला तिथे जावं, आपल्या इमारतीत नव्हे, शेजारच्या तीन-चार वर्षं जुन्या सोसायटीत. गेटवर टँकर उभा असेल तर जाड पाइप जमिनीखालच्या टाकीत सोडलेला दिसतो, आणि वॉचमनच्या टेबलावर एक वही असते: गाडीचा नंबर, वेळ, सही. कालच्या दिवसाच्या किती ओळी भरल्या आहेत, ते मोजावं. तेवढ्यात दुधाची पिशवी घ्यायला कुणी मावशी खाली उतरल्या तर त्यांना विचारावं, पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, आणि मे महिन्यात काय करता. माहितीपत्रकात नसलेलं पुष्कळ काही त्या तिथेच, जिन्यात उभ्या उभ्या सांगतात.