भिंती गेल्या, नकला राहिल्या

लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वरीज या पुराणविद्यामंडळाने १८१६ साली चार्ल्स स्टोथार्ड या तीस वर्षांच्या चित्रकारास फ्रान्सातील बायू गावी रवाना केले, तेव्हा त्याच्यावर सोपविलेली कामगिरी वरवर पाहता नकलनविसाचीच होती: नॉर्मनांनी १०६६ साली इंग्लंड जिंकल्याची कथा ज्या सुमारे सत्तर मीटर लांबीच्या पटावर लोकरीच्या धाग्यांनी भरलेली आहे, त्याची हुबेहूब रंगीत प्रत कागदावर उतरवून आणावयाची. परंतु जेथे धागे झिजून गेले होते तेथे सुईची छिद्रे आणि अडकून राहिलेले तंतू यांचा माग काढीत स्टोथार्डने लुप्त आकृती पुन्हा उभ्या केल्या, आणि नकलेच्या या व्यवसायातील सर्वांत बिकट प्रश्नाला तेथेच तोंड फुटले. त्या लढाईत इंग्लंडचा राजा हॅरॉल्ड याच्या डोळ्यात बाण शिरला ही इंग्लंडातील शाळकरी पोरांनाही ठाऊक असलेली गोष्ट. पण १७२९ साली आंत्वान बन्वा याने त्याच प्रसंगाचे जे रेखाटन केले, त्यातील दांड्याला पिसे नाहीत, तो भाल्यासारखा भासतो. स्टोथार्डच्या चित्रात मात्र तो पिसे लावलेला बाण झालेला आहे. पटावरील मूळची वीण कोणती आणि मागाहूनची डागडुजी कोणती, हा तंटा विद्वानांत अद्याप निकाली निघालेला नाही, आणि त्यात प्रमुख साक्षीदार आहेत ते हे दोन नकलाकारच. (याच सफरीत स्टोथार्डने पटाचा एक लहानसा तुकडाही पैदा केला, आणि त्याचा बोल पुढे कित्येक वर्षे बिचाऱ्या त्याच्या पत्नीच्या माथी आला, हे त्याच्या लौकिकाला शोभणारे नव्हे.)

१८१९ साली त्याच्यापुढे याहून मोठे काम आले. वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्यात तिसऱ्या हेन्रीचे शयनगृह ‘पेंटेड चेंबर’ या नावाने प्रसिद्ध होते. तेराव्या शतकात त्याच्या भिंतींवर संत एडवर्डचा राज्याभिषेक, दुर्गुणांना पायाखाली तुडविणाऱ्या सद्गुणांच्या देवता आणि जुन्या करारातील लढाया असे चित्रवैभव मांडलेले होते, आणि यहुदी वीर त्यात तेराव्या शतकातील सरदारांचीच चिलखते घालून लढत होते. पुढे यावर चुन्याचे हात चढले, वर पडदे टांगले गेले. पहिल्या चार्ल्सच्या शिरच्छेदाच्या फर्मानावर १६४९ साली याच दालनात सह्या झाल्या, तेव्हा त्या सह्या करणाऱ्यांना मागच्या भिंतीत काय दडले आहे याची वार्ता नसावी. चुना उतरला तसे स्टोथार्ड आणि एडवर्ड क्रोकर या दोघांनी स्वतंत्रपणे त्या चित्रांच्या जलरंगी नकला केल्या. दोघांचे तपशील ठिकठिकाणी जुळत नाहीत, आणि माझ्या मते हेच आपले भाग्य. कारण एकच नक्कल हाती असती, तर तिच्यावर निमूटपणे विश्वास टाकण्यावाचून गत्यंतर नव्हते. स्टोथार्ड १८२१ साली डेव्हनमधील बिअर फेरर्स येथे चर्चच्या रंगीत काचेची नक्कल करीत असता शिडीवरून कोसळून मरण पावला.

तेरा वर्षांनी, सरकारी खजिन्याच्या हिशेबाच्या खाचा पाडलेल्या जुन्या लाकडी पट्ट्या निरुपयोगी ठरल्या म्हणून त्या जाळून टाकण्याचा हुकूम सुटला. लॉर्ड्स सभागृहाखालच्या भट्ट्यांत त्या दिवसभर बेसुमार कोंबल्या गेल्या, आणि १६ ऑक्टोबर १८३४ च्या रात्री राजवाड्याचा बहुतेक भाग भस्मसात झाला, त्यात या दालनाची चित्रेही गेली. कोणत्याही दप्तरखान्याने इतक्या महाग पडलेल्या होळीचा हुकूम क्वचितच काढला असेल.

अल्सासमधील मठाध्यक्षा हेराड हिच्या देखरेखीखाली बाराव्या शतकात सिद्ध झालेल्या ‘होर्टुस डेलिकिआरुम’ या सचित्र पोथीची हीच गत झाली: १८७० च्या ऑगस्टमध्ये प्रशियन तोफांनी स्ट्रासबुर्गचे ग्रंथालय पेटविले, आणि एंगेलहार्ट या अभ्यासकाने १८१८ साली प्रसिद्ध केलेल्या नकलांसारख्या काही प्रतींवरच पुढच्यांना भागवावे लागले.

आपल्याकडील अजिंठ्याची चित्रे या युरोपीय चित्रांहून बरीच जुनी, पण त्यांच्या नकलांचे दैव नेमके उलटे फिरले. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून वर्षानुवर्षे खपून केलेल्या मोठमोठ्या तैलचित्रांपैकी बहुतेक १८६६ साली सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाली. नंतर मुंबईच्या कलाशाळेतील ग्रिफिथ्स आणि त्याचे विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात केलेल्या कामाचाही मोठा हिस्सा लंडनच्याच आगीत खाक झाला. दगड अजिंठ्याच्या वाघूर नदीकाठी शाबूत राहिला आणि कॅनव्हास राजधानीत जळून गेला.

विसाव्या शतकात नक्कल करण्याच्या नीतीचाच विचार सुरू झाला. पॅरिसच्या शायो राजवाड्यात पॉल देशां याने १९३७ साली उभ्या केलेल्या संग्रहालयासाठी सँ-साव्हँसारख्या चर्चांच्या भित्तिचित्रांच्या मूळ आकाराच्या प्रती करविण्यात आल्या, आणि त्यांत भेगा, पोपडे, पुसून गेलेले चेहरे हे सर्व जसेच्या तसे रंगविले गेले. गेलेले भरून काढण्याचा मोह आवरणे हे मला स्टोथार्डच्या हस्तकौशल्याहूनही दुर्घट वाटते. इंग्लंडात त्याच सुमारास प्रोफेसर ट्रिस्ट्रम गावोगावच्या चर्चांतील चित्रांच्या अप्रतिम नकला करीत होता, आणि मूळ चित्रे टिकावीत म्हणून त्यांवर मेण चढवीत होता. त्या मेणाने ओल आत कोंडली गेली, रंग काळवंडले, आणि ते खरवडून काढण्यात पुढच्या पिढीची हयात गेली. त्याच्या हातून चित्रांचे भले झाले ते कागदावर. वेस्टमिन्स्टरच्या नव्या राजवाड्यात त्याने १९२७ साली स्टोथार्डच्या आधारे रंगविलेली चित्रे आहेत, म्हणजे नकलेची नक्कल.

त्या जुन्या दालनाच्या छतावरून आगीपूर्वीच उतरविलेल्या दोन चित्रित फळ्या, एक देवदूताची व एक संदेष्ट्याची, १९९३ साली अकस्मात उजेडात आल्या आणि दोन वर्षांनी ब्रिटिश म्युझियममध्ये दाखल झाल्या. भिंतींवरच्या लढायांविषयी काही विचारायचे असल्यास मात्र अजूनही स्टोथार्ड आणि क्रोकर यांच्याच कागदांकडे जावे लागते, आणि ते दोघे कित्येक ठिकाणी एकमेकांशी सहमत नाहीत.