चित्रातल्या बाईचं नाव काय?

सांख्यदर्शनातला पुरुष आणि प्रकृती हा विषय आपल्या ओळखीचा आहे. ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेत प्रकृतीला नर्तकीची उपमा दिली आहे. नर्तकी रंगमंचावर येते, प्रेक्षकांना नृत्य दाखवते आणि निघून जाते. तशीच प्रकृती पुरुषाला आपलं रूप दाखवून निवृत्त होते. उपमा सुंदर आहे, पण तिच्यात एक अडचण आहे. सांख्यांची प्रकृती अचेतन आहे. चेतन काय तो पाहणारा पुरुष. आता मला सांगा, खरी नर्तकी अचेतन असते का हो? समोर बसलेल्यांना तीही पाहत असतेच ना? तिला काय दिसतं, हे मात्र कोणी विचारत नाही.

ही अडचण आज दोन बायकांच्या आयुष्यातून पाहू.

आपल्या बाळापुरातल्या, अकोल्यातल्या जुन्या घरांमध्ये लक्ष्मी-सरस्वतीच्या छापील तसबिरी असत. राजा रवि वर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि देव घरोघरी पोचले. पण देवीचं चित्र काढायचं तरी चित्रकाराला समोर कोणीतरी बसवावं लागतं. त्या काळी घरंदाज म्हणवणाऱ्या बाया चित्रकारासमोर बसत नसत. मग बसायच्या कोण? बहुतेक वेळा गाणाऱ्या-नाचणाऱ्या. म्हणजे ज्यांना समाज दारात उभं करायला कचरत होता, त्यांचेच चेहरे चित्रांत जात होते. रणजित देसाईंच्या ‘राजा रविवर्मा’ कादंबरीवरचा ‘रंगरसिया’ हा सिनेमा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्यातली सुगंधा लोकांच्या लक्षात राहते. अंजनीबाई मालपेकर मात्र फारशा कोणाला आठवत नाहीत.

अंजनीबाईंचा जन्म १८८३ चा, गोव्यात पेडण्याजवळच्या मालपे गावचा. घर कलावंतांचं, आई आणि आजी दोघी गाणाऱ्या. लहानपणीच मुंबईत भेंडीबाजार घराण्याच्या उस्ताद नजीर खाँसाहेबांकडे त्यांची तालीम सुरू झाली. या घराण्याचं वैशिष्ट्य म्हणजे दमसास, एका श्वासात लांबवर जाणारं गाणं. ही काही गंमत नाही, वर्षानुवर्षं घासावं लागतं तेव्हा ते येतं. पुढे रवि वर्मा आणि म. वि. धुरंधर या दोघाही चित्रकारांना त्यांच्या रूपातून प्रेरणा मिळाली. रूपाची कीर्ती झाली, तसा त्या कीर्तीचा जाचही झाला. लोक गाणं ऐकायला येत की बाईला पाहायला, हा प्रश्न मैफलीत बसलेलाच असे.

मध्यंतरी त्यांचा आवाज गेला. पहा, म्हणजे काय झालं! रूप जागेवर होतं, चित्रं भिंतीवर होती, आणि जे खरोखर स्वतः कमावलं होतं तेवढंच गेलं. आवाज परत आला, त्या पुन्हा गायल्या. चाळिशीच्या सुमारास मात्र त्यांनी मैफल सोडली.

सांख्यकारिकेतली नर्तकी इथे संपते. अंजनीबाई संपल्या नाहीत. त्या शिकवत राहिल्या. कुमार गंधर्व त्यांच्याकडे शिकले, किशोरी आमोणकर शिकल्या. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांना फेलोशिप दिली. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. १९७४ मध्ये त्या गेल्या.

आता दुसरी बाई, लंडनची. बेटी मे तिचं नाव. गरिबीतून आलेली, क्लबांत नाचणारी-गाणारी, कॅफे रॉयलमध्ये कलावंतांच्या गोतावळ्यात वावरणारी. शिल्पकार जेकब एपस्टाईनने तिचं शिल्प केलं. तिचा नवरा राऊल लव्हडे हा ऑक्सफर्डचा तरुण अॅलिस्टर क्रोली या गूढविद्यावाल्याच्या नादी लागला. आपल्याकडे मांत्रिकाच्या नादी लागतात, तसंच समजा. १९२२ मध्ये दोघं सिसिली बेटावर क्रोलीच्या मठात गेले. मठात क्रोलीचा शब्द म्हणजे कायदा. १९२३ च्या फेब्रुवारीत राऊल आजारी पडून तिथेच वारला. बेटी लंडनला परतली आणि बोलली. वर्तमानपत्रांनी तिचं बोलणं छापलं. त्याच वर्षी इटलीच्या सरकारने क्रोलीला देशाबाहेर काढलं. १९२९ मध्ये तिचं आत्मकथन आलं. १९३४ मध्ये क्रोलीने निना हॅम्नेट या चित्रकर्तीच्या पुस्तकावरून अब्रुनुकसानीचा दावा लावला, तेव्हा बेटी त्याच्याविरुद्ध साक्षीला उभी राहिली. दावा क्रोली हरला.

बेटीचं सगळं सांगणं जसंच्या तसं खरं मानावं, असं मी म्हणत नाही. तिच्या कहाणीत तिखटमीठ बरंच आहे, आणि वर्तमानपत्रांना तेच हवं होतं. पण मुद्दा वेगळा आहे. चित्रकार असो की मांत्रिक, दोघांनाही बाई हवी असते ती दृश्य म्हणून. कधी देवी, कधी माध्यम, कधी वाघीण. नाव त्यांनी द्यायचं, अर्थ त्यांनी लावायचा. ती बोलली की त्यांची पंचाईत होते.

एकीने साक्ष दिली, दुसरीने विद्या दिली. दोघींनी आपापल्या परीने हेच दाखवलं की दृश्यालाही दृष्टी असते. मला विचाराल तर विद्येची वाट जास्त लांब पोचली, कारण कुमारांच्या आणि किशोरीताईंच्या घडणीत अंजनीबाईंचा वाटा आहे. तेव्हा यापुढे जुनं चित्र पाहाल तेव्हा कोणी काढलं हे जरूर विचारा, पण समोर कोण बसलं होतं, तेही विचारा. उत्तर दर वेळी मिळेलच असं नाही. तरी विचारलं पाहिजे.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.