पोटदुखीचे मूळ रक्तवाहिनीत

रायपूर शहरातील पुरानी बस्ती हा महामाया मंदिराच्या परिसरातील जुना भाग होय. अशा जुन्या वस्तीत गल्लीतील नळ आतून गंजून अरुंद झाला, तर टोकाच्या घरात पाणी पोहोचत नाही. दोष घरात नसतो, नळात असतो. मनुष्याच्या उदरातही क्वचित असेच घडते.

आतड्यांना रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या त्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यातून, म्हणजे आंत्रबंधातून, जातात. कधी कधी शरीराची संरक्षक यंत्रणाच रोहिण्यांच्या भित्तींवर उलटते. भित्ती सुजतात, आतील पोकळी आकुंचित होते किंवा रक्ताच्या गुठळीने बंद पडते. या विकारास वाहिनीशोथ म्हणतात.

१८६६ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे आडोल्फ कुसमाउल व रुडोल्फ मायर यांनी अशा एका रुग्णाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. तो २७ वर्षांचा शिंपी होता. ज्वर, अशक्तता, बोटांची बधिरता आणि पोटातील वेदना यांनी तो जर्जर झाला होता. शवविच्छेदनात त्याच्या रोहिण्यांवर ठिकठिकाणी लहान गाठी आढळल्या.

भोजनानंतर आतड्यांना अधिक रक्त लागते. रोहिणी अरुंद असल्यास ते मिळत नाही व पोट दुखू लागते. रुग्ण भीतीने अन्न टाळतो आणि रोडावतो. पुढे आतड्यात व्रण होतात, रक्तस्राव होतो. छिद्र पडल्यास प्राणसंकट ओढवते व तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

केवळ पोटदुखीवरून निदान होत नाही. दीर्घकाळचा ज्वर, कातडीवरील जांभळे ठिपके, हातापायांची बधिरता, वाढलेला रक्तदाब किंवा लघवीतील रक्त या खुणा जोडीने दिसल्या, तर वैद्यास शंका येते. मग रक्ततपासणी, रोहिण्यांचे क्ष-किरण चित्रण आणि ऊतीच्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखालील परीक्षा यांनी निर्णय होतो. आपल्या देशात आतड्याचा क्षय अशाच तक्रारी उत्पन्न करतो. शोथ शमविणारी स्टेरॉइडे क्षय बळावू देतात. म्हणून उपचारापूर्वी क्षय नाही याची खात्री करणे अगत्याचे असते.

१९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, उपचार न झालेल्या रुग्णांपैकी शेकडा १३ जणच पाच वर्षे जगले. स्टेरॉइडे मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा ४८ होते. त्यानंतर सायक्लोफॉस्फामाइडसारख्या औषधांची जोड मिळाल्याने आज बहुसंख्य रुग्ण वाचतात. मात्र घर तपासून थांबणे पुरेसे नाही. नळाकडेही वेळीच पाहावे लागते.